काठावरच्या चुली

'अंदाजे' या शब्दाचा मला जितका राग येतो तितका उघड खोटेपणाचाही येत नाही. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते आणि ते लपवण्याचे कष्ट तो घेतो. अंदाजे लिहिणारा माणूस खुर्चीतून उठलेलाच नसतो. आमच्या तलावाचा कच्चा नक्षा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा मी चष्मा पुसून तो वाचला. तलावाभोवती पूर्ण पाण्याची म्हणून जी निळी रेघ काढली होती, तिच्या शेजारी बारीक अक्षरात हाच शब्द होता. मी तिथेच उभ्या उभ्या पहिल्या पत्राचा मजकूर मनात जुळवायला लागलो.

माझी उभी हयात न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. दुसऱ्यांच्या कैफियती वाचून वाचून माझ्या अंगी एकच गुण आला: कागदावर जे चढते तेच पुढे खरे धरले जाते, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून कागदावर चुकीचे काही चढताना दिसले की माझे डोके फिरते. घरातले याला आजार म्हणतात. मी याला कर्तव्य म्हणतो.

आमचे गाव बेल्याकडचे, पैनगंगेच्या अलीकडचे, म्हणजे तेलुगू मुलखातले. इथली जमीन ज्वालामुखीची आहे. फार पूर्वी भेगांतून लाव्हारस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. त्या थरांवर आज आमची कपाशी उभी असते आणि तिच्या मुळांखाली हातभर खणले की काळा खडक खणकन वाजतो. तलाव अशाच दोन थरांच्या बेचक्यात बसला आहे. त्याला माणसाच्या हाताची पाळ फक्त पूर्वेला आहे. उरलेल्या तिन्ही बाजूंनी खडकाच्या रुंद पायऱ्या पाण्यात उतरतात. पलीकडच्या काठावर बैलजोडी उभी असली तर ती अलीकडून गळ्यातल्या मण्याएवढी दिसते. काठावरच्या खडकात जागोजाग पोकळ्या आहेत आणि त्यांत पांढरे स्फटिक दातांसारखे चमकतात. निजामी दफ्तरात तलावाखालच्या जमिनीला शिकम म्हणतात, म्हणजे पोट. ज्या कोणी तो शब्द योजला त्याला मी मनोमन नमस्कार करतो, कारण पाळीखालच्या साऱ्या विहिरी या पोटावरच जगतात.

त्यांतली एक विहीर माझ्या पत्नीच्या भाजीच्या मळ्यात आहे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांचे ते तुकडाभर रान तिने स्वतः उभे केले आहे, आणि त्याचा माझ्या निवृत्तिवेतनाशी काडीचा संबंध नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तलाव भरला की ती विहीर वैशाखातही पाणी देते. पण काही पावसाळ्यांपूर्वी सांडव्याचे वरचे दगड वाहून गेले. तेव्हापासून तलाव पुरा भरण्याआधीच त्या खिंडारातून पाणी निघून जाते आणि विहीर होळीला तळ दाखवते. सांडवा दुरुस्त होईल, या आशेवर आम्ही होतो. आता या नक्ष्याने मोडक्या सांडव्याचीच पातळी तलावाची पूर्ण पातळी म्हणून लिहून टाकली होती. ती कायम झाली असती तर सांडवा दुरुस्त करण्याचे कारणच संपले असते. शिवाय जुना काठ आणि नवी रेघ यांच्या मधली पट्टी मोकळी जमीन ठरली असती. तिच्यावर मुरूम टाकून प्लॉट पाडायची तयारी गावातल्या जिनिंगवाल्याने आधीच केली होती. थोडक्यात, नक्ष्यावरची एक रेघ खाली राहिली असती तर विहीर कायमची गेली असती.

मी पत्रे लिहिली. मंडळ कचेरीला लिहिली, जिल्ह्याला लिहिली, पोचपावतीसह लिहिली. उत्तर आले ते तेलुगूत आणि दोन ओळींचे. तेलुगू मला वाचता येते. मुद्दा तो नव्हता. मराठीत केलेल्या दरखास्तीला मराठीत उत्तर का नाही, असे मी स्वतंत्र पत्राने विचारले. पत्नी म्हणाली, "तलाव राह्यला बाजूले. तुमी आता भाषेसाठी भांडून राह्यले. विहीर काय तेलुगूत भरते का मराठीत?"

त्या बोलण्याचा मला राग आला आणि त्या रागातच मी माझ्या आयुष्यातले सर्वांत कठोर पत्र लिहिले. त्यात पुरावा म्हणून मी आमच्या गावची वहिवाट मांडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेशेकणीला, गावातले प्रत्येक घर आपापली बैलजोडी तलावावर धुते. प्रत्येक घराची काठावरची जागा ठरलेली आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. तेव्हा त्या जागा मोजा, म्हणजे तलावाचा खरा काठ सापडेल, असे मी लिहिले. आमच्या घराची जागा पश्चिमेच्या लाल खडकाशी आहे. पूर्ण पाण्याची पातळी तीच आहे, हेही मी ठणकावून लिहिले.

उत्तराऐवजी वैशाखात एक मोजणी अधिकारी बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायांत बूट, मागे रिक्षातून उतरवलेली तिपाई आणि दुर्बीण.

"अर्जदार कोण?" त्यांनी विचारले.

"मी."

"तुमची सगळी पत्रं वाचली मी. एका पत्रात तुम्ही मला खुर्चीवर उगवलेली बुरशी म्हटलंय."

"तुम्हाला नाही. तुमच्या आधी जे होते त्यांना."

"त्यांनीच वाचायला दिलं मला. म्हणाले, घे, वारसाहक्कानं तुझं."

त्या हसल्या आणि हसताना त्यांची बोली घसरली. त्या भीमपूरकडच्या निघाल्या. घरी आमच्यासारखेच बोलणाऱ्या. कागद मात्र तेलुगूतच लिहिणार होत्या. मी त्याबद्दल हरकत नोंदवायला तोंड उघडले, पण तोवर त्या पाण्याकडे चालायलाही लागल्या होत्या.

पुढच्या दिवसांत त्यांनी जे केले ते पाहून माझ्या रागाला बसायला जागा उरली नाही. भोई लोकांच्या होडीत बसून त्यांनी तलावाचा तळ मोजला. होडी एका काठावरून सरळ दुसऱ्या काठाकडे जायची, ठराविक अंतरावर थांबायची, दोरीला बांधलेले वजन खाली जायचे, त्या आकडा घ्यायच्या. उन्हाने भोई कंटाळला तरी त्या कंटाळल्या नाहीत. एकदा मी काठावरून ओरडलो, "मधे एक जागा सुटली!" त्यांनी होडी वळवली, सुटलेल्या जागी परत गेल्या आणि तिथूनच हात हलवला. सरकारी माणसाने माझी सूचना वादाशिवाय मानल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. मी जरा गोंधळून घरी गेलो.

संध्याकाळी आमच्या अंगणात बसून त्या सारख्या खोलीचे बिंदू जोडायच्या. झाडाच्या बुंध्यात जशी वर्तुळे दिसतात तशा रेघा कागदावर एकात एक उमटत गेल्या, आणि जन्मभर ज्याचा मी फक्त वरचा चेहरा पाहिला होता त्या तलावाचे पोट मला प्रथमच दिसले. पश्चिमेला ते पायरीपायरीने उतरत होते. पाळीपाशी एक लांबट खोल डोह होता. मधे कुठे तरी पाण्याखाली एक अख्खी टेकडी बुडालेली होती आणि आमच्यापैकी कोणालाही तिची खबर नव्हती. मी त्या कागदावरून बोट फिरवले. त्या म्हणाल्या, "काका, शाई ओली आहे." मी बोट घाईने मागे घेतले.

मग मौक्याची, म्हणजे प्रत्यक्ष जागेवरची, पाहणी झाली. गावातल्या लोकांना तलावावर बोलावले होते. जिनिंगवालाही मोटारसायकलवर आला होता. बाईंनी मोठ्या आवाजात विचारले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल कुठं धुता तुम्ही? ज्यानं त्यानं आपापल्या जागी जाऊन उभं राहा."

लोक गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे खाली, गेल्या पोळ्याला पाणी जिथे होते तिथे, चिखलाच्या वाळलेल्या भेगांवर जाऊन उभे राहिले. प्रामाणिक माणसे. विचारले तेच त्यांनी दाखवले. गेल्या वर्षी बैल तिथेच धुतले होते, कारण मोडक्या सांडव्यामुळे पाणी त्याच्या वर आलेच नव्हते. माझ्या अर्जाचा सारा पुरावा रांगेने उभा राहून माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. जिनिंगवाला मान हलवत म्हणाला, "पाहा मॅडम. रेघ बरोबरच आहे."

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखे नाही. कोणी ऐकलेही नाही, कारण माझ्या शेजारून माझ्याहून मोठा आवाज उठला. माझ्या पत्नीचे माहेर गावातच आहे आणि तिचा धाकटा भाऊ त्या रांगेत उभा होता.

"काऊन रे! चूल वर सोडून तिथी काय मासे धरून राह्यला?"

"ताई, त्याईनं बैल कुठी धुता इचारलं," तो खालून म्हणाला. "चुलीचं नाई इचारलं कोणी."

"तुले इचारल्याबिगर जेवणबी मागता येत नाई का रे, येड्या!"

लोक हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या वळून पत्नीला म्हणाल्या, "चूल कसली?"

आता हे सगळ्यांना ठाऊक होते, मलाही. इतके ठाऊक होते की पत्रात लिहावे असे मला कधी सुचलेच नाही. बैल पाण्यात धुऊन झाले की त्यांना वर काठावर आणतात. प्रत्येक घराचा तिथे एक उभा, आगीने लालसर पडलेला खडक आहे. त्याच्या पायथ्याशी गोवऱ्या पेटवून तूप-हळद गरम करतात, पळसाच्या पानांनी बैलांचे खांदे शेकतात आणि मग त्यांना उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. पाणी वर असो की खाली, चूल हलत नाही. पाणी खाली गेले तर बैल तेवढे लांब चालतात, इतकेच.

"मग चुलीपाशी जा," बाई म्हणाल्या.

माणसे चिखलातून वर चढू लागली. एकेक जण आपल्या खडकापाशी थांबला. मीही माझ्या लाल खडकाशी जाऊन उभा राहिलो. तलावाभोवती माणसांचे एक कडे उभे राहिले. बाईंनी दुर्बिणीतून एकेका चुलीची उंची घेतली. त्या फक्त आकडे मांडत होत्या. अर्धा तलाव फिरून झाल्यावर त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "अवं माय!"

चुली एका पातळीत होत्या. बोट-दोन बोटांचा फरक सोडला तर एवढ्या मोठ्या तलावाच्या काठावर, एकमेकांना नीट दिसतही नाहीत इतक्या दूर असलेल्या घरांनी, एकच आडवी रेघ ओढली होती. आग विझू नये आणि ओला बैल फार चालवायला लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब. ज्याने त्याने भरल्या तलावाच्या अगदी कडेला कोरडा खडक धरला होता. दुर्बीण नाही, तिपाई नाही. पाण्याने त्यांना पातळी दाखवली आणि आगीने ती राखली. मी जन्मभर पुराव्यांचे कागद हाताळले आहेत. इतका निःस्वार्थ पुरावा माझ्या पाहण्यात नाही, कारण तो देणाऱ्यांना आपण पुरावा देत आहोत याची शंकाही नव्हती.

जिनिंगवाल्याने मात्र एक हरकत घेतली, आणि मला कबूल करावे लागते की ती बिनडोक नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, चुली कुणीही कुठंही दाखवील. खडक लाल आहे म्हणून जुनी चूल म्हणता. पण इथं लाल दगड कुदरतीच आहे. त्याचीही पट्टी अशीच आडवी जाते."

मी त्याच्यावर धावून जाणार होतो. बाई म्हणाल्या, "त्यांचं खरं आहे."

दुसऱ्या दिवशी त्या हातोडी घेऊन आल्या. मला त्यांनी बरोबर घेतले, बहुधा मी एकटा असलो तर पत्र लिहीन या भीतीने. चालता चालता त्यांनी मला माझ्याच पायाखालची जमीन समजावून सांगितली. एक थर थिजून गेल्यावर त्यावर माती साचते. पुढे दुसरा लाव्हा तिच्यावर पसरतो आणि ती भाजून विटेसारखी लाल होते. दोन काळ्या थरांच्या मधे म्हणून लाल पट्टी दिसते. "पण ती पाण्यासारखी सपाट नसते," त्या म्हणाल्या. "कलते." आम्ही काठाने पूर्वेकडे गेलो तशी ती पट्टी खाली खाली जात शेवटी चिखलात दिसेनाशी झाली. चुली मात्र तिच्याबरोबर खाली गेल्या नाहीत. त्या आपल्या जागी, काळ्या खडकावर, एका पातळीत राहिल्या. शिवाय त्यांनी हातोडीने चुलींचे टवके काढून पाहिले. वर काजळी, तुपाचा चिकटा, त्याखाली भाजलेला पापुद्रा, आणि आत काळाच दगड. माणसाची आग वरवरची होती. ज्वालामुखीची आरपार.

त्या जे शोधत होत्या ते सापडले होते. जिनिंगवाल्याच्या हरकतीनेच आमची बाजू भक्कम केली होती. मी खुशीत त्यांना माझ्या खडकाकडे नेले.

त्यांनी टवका काढला. आत लाल. आणखी खोल ठोकले. तिथेही लाल.

"काका, हा दगड ज्वालामुखीनं भाजलाय," त्या हळू म्हणाल्या. "आणि बाकी चुलींपेक्षा हा पुरुषभर उंच आहे. हा मी धरू शकत नाही."

"म्हणजे अर्जदाराचीच साक्ष बाद?"

"अर्जदाराचीच."

पक्क्या नक्ष्याचा मसुदा लागला तेव्हा निळी रेघ चुलींवरून गेली होती. मोडक्या सांडव्याच्या वर, आणि माझ्या दाव्याच्या बरीच खाली. शेजारी 'अंदाजे' नव्हते. हरकती मागवल्या होत्या. जिनिंगवाल्याची हरकत पाहणीतच निकालात निघाली होती. आता हरकत घेणारा गावात मी एकटाच होतो, आणि माझ्या एका हरकतीने काम पावसाळ्यापलीकडे लांबले असते. तोवर जुन्या काठाच्या पट्टीवर मुरूम पडला असता. हे सारे कळत असूनही मी घरी येऊन हरकत लिहायला घेतली. आमचे घराणे खोटे ठरवले गेले होते. ते मी कसे सोडणार?

पत्नी भाकरी थापत होती. "काय लिहून राह्यले?"

"आमच्या आजोबांच्या आजोबांनी निवडलेली जागा तिनं रद्द केली."

"निवडली कुठी? उरली होती थे भेटली. तुमचं घर पैनगंगेच्या पल्याडून आलं, सगळ्याईच्या मागून. काठ भरून गेला होता. माह्या आजानं सांगितलेलं हाय. तुमाले म्हटलं असतं, पण तुमी माह्या माहेरच्या अंगावर पत्र लिवलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन एकटाच खडकावर गेलो. कोणाच्या शब्दावर मी हार मानत नाही. पडताळणी ही करावीच लागते. त्यांनी टवका काढला होता त्याच्या पलीकडच्या बाजूला मी ठोकले, मग वर, मग अगदी बुंध्याशी. सगळीकडे लाल, कोरडे, सारखे. आमच्या साऱ्या पिढ्यांच्या गोवऱ्यांनी त्या दगडावर एक नखभर काजळी तेवढी चढवली होती. भाजण्याचे काम माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी उरकले होते. घाम पुसत मी खाली पाहिले तर बाकीच्या चुलींची रांग काठाने दूरवर गेलेली दिसली, आणि ती इतकी सरळ आडवी होती की तिच्यावर हरकत घ्यायला मला एकही मुद्दा सुचेना.

घरी येऊन मी हरकतीचा कागद फाडला आणि संमतीचे पत्र लिहिले. ते पाच ओळींचे झाले. इतके लहान पत्र मी कधी लिहिले नव्हते, म्हणून खाली सांडव्याच्या दुरुस्तीस लागलेल्या विलंबाबद्दल अडीच पाने जोडली.

नक्षा कायम झाला. चुलींच्या रेघेवर हद्दीचे दगड बसले, मुरुमाचे ट्रॅक्टर परत गेले. पावसाच्या तोंडावर सांडव्याचे दगड नव्या रेघेच्या पातळीला चढले. मृगाने फार काही दिले नाही. पुढच्या नक्षत्रांनी मात्र हात मोकळा सोडला. पत्नी रोज सकाळी मळ्यात जाऊन विहिरीत डोकावायची आणि परत आल्यावर काही न सांगता चहा ठेवायची. मी विचारायचो नाही. एक दिवस तिने चहात साखर जास्त टाकली तेव्हा मी ओळखले.

खांदेशेकणीच्या संध्याकाळी तलाव भरून सांडव्यावरून पातळ पडदा सांडत होता. पाणी चुलींच्या पायथ्याला येऊन थांबले होते. लोकांनी बैल जागच्या जागी धुतले आणि वळून दोन पावलांवर आग पेटवली. ज्यांच्याकडे आता बैल नाहीत त्यांनी ट्रॅक्टर धुतला आणि त्याच्या चाकांना हळद लावली. जागा मात्र आपापलीच धरली. आमची जोडी तेवढी ओल्या अंगाने चढ चढून वर चालली होती.

"भाऊजी," माझा मेहुणा पाण्याजवळून ओरडला, "या ना आमच्या चुलीवर! काऊन बैलाईले डोंगर चढवून राह्यले?"

"वहिवाट आहे!" मी वरून ओरडलो.

"पाण्याले भेत होते काय हो तुमचे म्हातारे?" पत्नीने विचारले. ती तूप-हळदीची वाटी घेऊन माझ्या मागे चढत होती आणि दर चार पावलांना हसत होती.

मी लाल खडकाशी गोवऱ्या पेटवल्या. अंधार पडायला अजून अवकाश होता. मग पळसाची पाने घ्यायला वाकलो, उठलो आणि समोर पाहिले. काठावर एकामागून एक आगी लागत गेल्या होत्या. प्रत्येक आगीखाली पाण्यात तिची जोडीदार पेटली होती. ते कडे पाळीपासून निघून तलावाला वळसा घालत परत पाळीला येऊन मिळाले होते, आणि कुठेही वर गेले नव्हते की खाली आले नव्हते. खाली चुलींपाशी बसलेल्यांना आपली आणि शेजारची एवढीच आग दिसत असणार. हे सगळे एका नजरेत दिसेल अशी उंच जागा त्या काठावर एकच होती.

दूर पाळीकडून पहिली हाक आली. मग तिच्या पलीकडच्या चुलीवरून, मग पुढच्या. पाण्यावरून तेच शब्द आमच्याकडे फिरत येऊ लागले.

"झालं पाहून?" पत्नी म्हणाली. "बैल थांबून राह्यले."

मी पाने तुपात बुडवली, डाव्या बैलाच्या खांद्यावर टेकवली, मग उजव्याच्या. आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी आली. आम्ही आलोच होतो सगळ्यांच्या मागून. दोन्ही बैलांच्या कानाशी वाकून मी म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."